मागच्या रांगेतला हिरो

प्रश्न : ताई, गेल्या शनिवारी आम्ही चौघी मैत्रिणी पहिल्यांदाच लाइव्ह स्टँडअपला गेलेलो, आतापर्यंत सगळं मोबाइलवरच बघितलेलं. छोटासा हॉल, जेमतेम ऐंशी-नव्वद माणसं, आम्हाला पहिली रांग मिळाली म्हणून खुश होतो. पण दोन रांगा मागे सात-आठ जणांचं टोळकं, कुणाचातरी बर्थडे होता वाटतं, आणि त्यांनी पहिल्या मिनिटापासून जे सुरू केलं ते संपेपर्यंत. जोक अर्ध्यात असतानाच "पुढचं माहितीये रे", नाहीतर "आमच्या बर्थडे बॉयवर मार ना एक". कॉमेडियनने दोन-तीनदा त्यांची मस्त खेचली, सगळे हसले, पण ते अजूनच चेकाळले. शेवटी मी वळून म्हटलं, जरा गप्प बसता का, तर उलट मलाच "काकू चिल"! मी एकतीस वर्षांची आहे हो. पुढचा अर्धा तास नुसती धुमसत बसले, एक जोक डोक्यात शिरला नाही. माझं चुकलं का? परत असं झालं तर काय करायचं?

उत्तर : आधी त्या 'काकू'बद्दल मनापासून सहानुभूती. चुकलं वगैरे काही नाही, पण जे केलंत त्याचा उपयोग होत नाही, आणि हे मी अनुभवाने सांगतेय कारण चार वर्षं मी स्वतः ओपन माइक करत होते, म्हणजे नवख्यांनाही स्टेजवर येऊन जोक करून बघता येतात ते शो.

जोक सांगताना पंचच्या, म्हणजे हसवणाऱ्या शेवटच्या ओळीच्या, आधी आपण अर्धा-एक सेकंद थांबतो. तो पॉज मुद्दाम ठेवलेला असतो, लोक मनात एक अंदाज बांधतात आणि मग तो आपण मोडतो, सगळी मजा तिथेच. पण ज्याला बोलायची खाज आहे त्याला ती जागा मोकळी वाटते, बसमधली रिकामी सीट दिसावी तशी, की हा घुसलाच. एकदा मी अशीच थांबले होते, माइकची वायर हाताला गुंडाळलेली, श्वास घेतलेला, आणि डावीकडून कुणीतरी म्हणालं "मग?" बस, एवढंच. तीन आठवडे घासलेला जोक तिथल्या तिथे मेला आणि त्या माणसाला खरंच वाटत होतं की आपण मदत केली!

यात मोबाइलचा पण हात आहे बरं का. लिहिलेले जोक ऑनलाइन टाकले की ते जळतात, शोला आलेल्यांनी आधीच ऐकलेले असतात, म्हणून बरेच कॉमेडियन क्राउडवर्कचे तुकडेच टाकतात, म्हणजे प्रेक्षकांशी झालेल्या गप्पा, ज्या तशाही पुन्हा होणार नसतात. मग ते बघून बघून लोकांना वाटतं की शो म्हणजे हेच, आपण ओरडायचं आणि त्याने आपली उतरवायची. पण क्राउडवर्कमध्ये तो विचारतो आणि तुम्ही उत्तर देता. न विचारता बोलला तो हेकलर. हा शब्द मुळात अळशीचे धागे लोखंडी फणीने विंचरणाऱ्या कामगारांचा. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले हे कामगार म्हणे मोठे वादपटू, कुणी बोलायला उभा राहिला की प्रश्नांनी पिंजून काढायचे. निदान त्यांच्याकडे मुद्दे तरी असायचे.

आता तुमचा कॉमेडियन कुठे फसला ते सांगते. खेचली ते ठीक, पण दुसऱ्यांदा उत्तर दिलं तिथेच त्याने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, त्यांना हवं होतं तेच मिळालं ना. मुरलेले लोक आधी ऐकलंच नाही असं दाखवतात, आणि नाइलाज झाला तर त्याचं वाक्य आधी माइकवर जसंच्या तसं रिपीट करतात. कारण बऱ्याचदा निम्म्या हॉलला ते ऐकूच गेलेलं नसतं, आणि न ऐकताच कॉमेडियन कुणावर तुटून पडला तर लोकांची सहानुभूती ओरडणाऱ्याकडे जाते.

तुम्ही काय करायचं? पहिल्या दहा मिनिटांतच उठून दाराजवळच्या स्टाफला सांगायचं, कुठली रांग ते नीट दाखवायचं. होस्ट स्टेजवर असताना सांगितलंत तर उत्तम, पब्लिक आवरणं हे त्याचंच काम असतं. शूऽऽ करू नका, तोही आवाजच आहे, आणि तोंडावर लाइट असताना स्टेजवरून कळत नाही कोण कुणाला काय म्हणतंय. पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे सगळा काळोख असतो.

आणि इथे जरा कडू बोलते, रागावू नका. त्या काळोखात कॉमेडियनला दिसत काय होतं? तुम्हा चौघींचे फुगलेले चेहरे! गोंधळ मागे, पण शिक्षा त्यालाच. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाला अभ्यासात असं दिसलेलं की माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत साधारण 30 पट जास्त हसतो, म्हणजे हसू एकाचं दुसऱ्याला लागतं. जोक आवडला तर दणकून हसा, तेवढ्यात त्या टोळक्याचा आवाज बुडतो.

बाकी सगळीकडे शांतताच हवी असंही नाही हं. 1979 मध्ये लंडनला कॉमेडी स्टोअर सुरू झालं तेव्हा तिथे घंटा होती, पब्लिक बोंबललं की सूत्रधार ती बडवायचा आणि कलाकार खाली. ते ठरलेलंच होतं, येणाऱ्याला माहीत असायचं. त्यातून शनिवारचा रात्री उशिराचा शो म्हणजे जास्त दंगा, त्यामुळे पुढच्या वेळी लवकरचा घ्या.

प्रश्न : आमच्याकडे उलटं आहे. ओरडणारा माझाच नवरा! घरी शांत असतो पण शोमध्ये अंगात येतं. कसं आवरू?

उत्तर : पहिली रांग अजिबात नको, कॉमेडियन सहज "काय करता आपण?" विचारतो आणि यांना लायसन्स मिळतं. मधे कुठेतरी, भिंतीकडची खुर्ची द्या, आणि बाजूला तुम्ही बसा. जाण्याआधी एकदा त्यांच्या मित्रांसमोर त्यांना एखादा किस्सा सांगायला लावा आणि तुम्ही दर वाक्याला मधे बोला. आणि शो संपल्यावर ते "मी होतो म्हणून रंगला ना आज" असं सांगायला कॉमेडियनकडे निघाले तर हात धरून बाहेर काढा, प्लीज.