गल्लीत ३० ची लिमिट कशाला?

प्रश्न: घरांसमोरच्या रस्त्यांवर स्पीड लिमिट ५० वरून ३० करायचा प्लॅन आहे म्हणे. उगाच उशीर नाही का होणार?

उत्तर: अहो, अर्धा किलोमीटर रस्त्याला फरक पडतो २४ सेकंदांचा, तोही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर! खरा मुद्दा ब्रेकचा आहे. समजा बॉलमागे पोरगं १४ मीटरवर रस्त्यात आलं, तर कोरड्या रस्त्यावर ३० ची गाडी साधारण १३ मीटरात थांबते आणि ५० वाल्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ते १४ मीटर संपलेले असतात, म्हणजे धडक फुल स्पीडला. ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ मध्येच हे केलंय. फक्त नुसत्या पाट्या लावून कोणी ऐकत नाही हो, स्पीडब्रेकर, अरुंद वळणं पण मागा.