पडद्याची चिकित्सा पडद्यावरच

प्रश्न : यूट्यूबवरील चित्रपट-समीक्षा पूर्वी कथा सांगून तारे देण्यापुरती असे, आता तीत दृश्यांची चिकित्साही होते. हा बदल कशामुळे झाला? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपले निरीक्षण योग्य आहे. चित्रफितीच्या लांबीवरील यूट्यूबची मर्यादा २०१० पासून शिथिल होत गेली आणि सविस्तर विवेचनाला जागा मिळाली. त्याहून महत्त्वाचे कारण, माझ्या मते, असे की छापील समीक्षकाला ज्या दृश्याचे केवळ वर्णन करता येई, ते येथे थांबवून, मागे नेऊन, प्रसंगी आवाज बंद करून प्रेक्षकासमोरच तपासता येते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा बहुतांशी दूर आणि स्थिर असतो; सुनावणीचे एखादे दृश्य न तोडता दाखवून मागच्या बाकांकडे लक्ष वेधले, तर ही मांडणी यंत्रणेचा संथपणा कसा जाणवून देते, हे पाहणाऱ्याला चटकन उमगते. टोनी झोऊ आणि टेलर रामोस यांच्या ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ या वाहिनीने २०१४ पासून अशा विवेचनाची गोडी जगभर लावली. मराठीत मात्र संकलन आणि ध्वनी यांविषयी अजून फार कमी बोलले जाते, याची खंत वाटते. विवेचन पाहिल्यावर मूळ चित्रपट सलग अवश्य पाहावा, कारण निवडक तुकड्यांवरून काढलेला निष्कर्ष संपूर्ण कृतीला लागू पडेलच असे नाही.