‘स्वैर चाल’ की आणखी काही?

प्रश्न असा आहे: प्राण्यांच्या हालचालींवरच्या मराठी लेखात ‘रँडम वॉक’ला (प्रत्येक पावलाची दिशा निव्वळ योगायोगाने ठरते अशा फिरण्याला) ‘स्वैर चाल’ म्हटले तर चालेल का?

मला दोन्ही शब्द खटकतात. ‘चाल आणि वेग’ हा धडा सगळ्यांनीच घोकलेला असल्यामुळे विज्ञानाच्या लेखात ‘चाल’ दिसली की वाचक ‘स्पीड’ समजणार. आणि ‘स्वैर’ म्हणजे स्व + ईर, आपल्या मर्जीने हिंडणारा. इथे मर्जी कुठली? पुढचे पाऊल कुठे पडणार ते जणू नाणे उडवून ठरते. ‘सैरावैरा’त घाबरगुंडी आहे. ‘भरकटणे’ म्हणावे तर आधी वाट ठरलेली लागते. ‘भटकंती’ छान होता, पण तो गडकिल्लेवाल्यांनी कधीच पळवला.

मी ‘यादृच्छिक भ्रमण’ लिहितो. जीभ अडखळते, कबूल. पण संख्याशास्त्रात ‘यादृच्छिक’ रुळलेला आहे, आणि गीतेतल्या ‘यदृच्छालाभसंतुष्टो’मध्येही यदृच्छा म्हणजे न ठरवता, आपसूक घडणारे.

खरी गंमत ‘भ्रमण’मध्ये आहे. मूळ इंग्रजी नाव १९०५ साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातल्या पत्रात वापरले. माणूस ठरावीक अंतर सरळ चालतो, मग कुठल्याही कोनात वळून तेवढेच अंतर पुन्हा, असे अनेकदा. शेवटी तो किती लांब असेल? या कोड्यामागे मलेरियाचा अभ्यास करणाऱ्या रोनाल्ड रॉसचे डास होते: डबक्यातून निघालेले डास कुठवर पसरतात? भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने उत्तर दिले, त्यावर पिअर्सनची टिप्पणी अशी की मोकळ्या मैदानात दारुडा बहुधा निघाला तिथेच जवळपास सापडेल. शंभर पावले टाकली तरी अंतर साधारण दहा पावलांचेच पडते. ‘भ्रम्’ धातूतले गरगरणे इथे नेमके बसते.

(यावरून कुणी ‘झिंगलेली चाल’ सुचवतात. डासांनी काय घोडे मारले?)

आता ओट्यावरची मुंगी पाहा. साखरेचा डबा उचलल्यावर एकटी पडलेली मुंगी वळते, पण थोडीशीच. पुढचे पाऊल मागच्याच रोखाने पडते. करिवा आणि शिगेसादा या संशोधकांनी १९८३ साली कोबीवरच्या फुलपाखरांच्या उडण्याचा हिशेब असाच मांडला. त्याला (इंग्रजीत ‘कोरिलेटेड रँडम वॉक’) ‘सहसंबंधित यादृच्छिक भ्रमण’ म्हणता येईल. वास किंवा उजेड एका बाजूला ओढत असेल तर मात्र ‘कल असलेले’ एवढे साधे विशेषण पुरे. तिथे ‘बायस्ड’साठी ‘अभिनत’ वगैरे नको.