आजीचं 'हं'

प्रिय मनू,

काल फोन ठेवल्या ठेवल्या तू म्हणालीस, "आजीला माझं ऐकायचंच नसतं. मी बोलत असले की सारखी मध्ये 'हं, हं' करते. मराठी लोक असं का करतात?" तेव्हा माझे हात कणकेत होते आणि नंतर तू फुरंगटून झोपलीस. म्हणून लिहून ठेवतेय. सावकाश वाच, जोडाक्षर अडलं तर विचार.

मी ओट्यापाशी सगळं ऐकत होते. तू स्कीइंगचं सांगत होतीस. आजी "हं" म्हणाली, तू थांबलीस. तुला वाटलं, तिला काही बोलायचंय. ती गप्प, तू गप्प. मग ती म्हणाली, "मग?" तू पुन्हा सुरू केलंस, पुन्हा "हं", पुन्हा तू थांबलीस. नंतर तिची पाळी. गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवर कावळे कसे आले, ते ती रंगात येऊन सांगत होती आणि तू इथे स्वीडनमध्ये ऐकतात तशी, तोंडातून आवाज न काढता ऐकत होतीस. तर तिकडे कराडात काय? "हॅलो? हॅलो? लाइन गेली वाटतं."

तिचं "हं" म्हणजे "थांब" नव्हे गं. "आहे मी, चालू दे" एवढंच. आणि ते एकसारखं नसतं. आखूड "हं" म्हणजे कळलं. लांबवलेलं "हंऽऽ" म्हणजे आता गंमत येणार, हे तिने ओळखलंय. "हं?" म्हणजे परत सांग. मध्येच "अगंबाई!" आलं, तर तू जिंकलीस.

मी लहान असताना वीज गेली की माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, गोष्ट सांगायची. काळोखात तोंडं दिसायची नाहीत. ती आधीच बजावायची, "हं म्हणत राहा, न्हाईतर गोष्ट झोपली." आमचं हं बंद झालं की पोरं झोपली हे तिला कळायचं आणि राजपुत्र तिथेच जंगलात राहायचा. फोनवर तुझ्या आजीला तसाच काळोख असतो. (व्हिडिओ लावला तर ती फोन कानालाच धरते, मग आपल्याला तिचा कान दिसतो.)

इथे उमेओत तरी काय, शेजारच्या आजी श्वास आत ओढून 'श्युप्' करतात, तेही "हो"च असतं ना? आपण आलो तेव्हा मला वाटलं होतं, यांना धाप लागलीय.

श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे आदित्यराणूबाईची कहाणी वाचायचे. त्यात एक बाप आपल्या दोन लेकींकडे जातो. त्याला कहाणी सांगायची असते. एक राजाची राणी. ती म्हणते, मला वेळ नाही, राजा शिकारीला निघालाय, स्वयंपाक व्हायचाय. तिच्या घरी दारिद्र्य येतं. दुसरी प्रधानाची बायको. ती उतरंडीतून सहा मोती काढते, तीन बापाला देते, तीन आपण घेते. तो मनोभावे सांगतो, ती चित्तभावे ऐकते. राणीला एवढी शिक्षा मला लहानपणीही जास्त वाटायची. स्वयंपाक काय आपोआप होतो? पण मोत्यांची ती वाटणी मला आवडते. सांगणाऱ्याला तीन, तर ऐकणाऱ्यालाही तीनच.

आता माझं ऐक. मीही राणीच आहे. मागच्या महिन्यात आजीचा फोन कानाशी होता आणि मी लॅपटॉपवर ऑफिसची मेल वाचत मधून मधून "हं" सोडत होते. तिला शंका आली असणार. ती म्हणाली, "आणि काल तुझ्या बाबांनी विहिरीवर हत्ती धुतला." मी म्हणाले, "हं." ती रागावली नाही. "ठेव, काम कर तुझं," एवढंच म्हणाली. ते मला अजून टोचतंय. तेव्हा तू निदान न ऐकता तोंडाने आवाज काढत नाहीस, हे मला मान्य आहे.

येत्या रविवारी दुपारी तीनला फोन करू, तिकडे साडेसात झालेले असतात, तिची दिवाबत्ती आटोपलेली असते. तुझं स्कीइंग त्या उतारापाशी अर्धं राहिलंय, तिथून पुढे सांग. ती "हं" म्हणाली तरी थांबू नकोस. आणि सांडग्यांचं काय झालं ते विचार तिला. काल कावळे आले आणि लाइन "गेली", पुढचं मलाही माहीत नाही.

तुझी,
आई