उत्तर: "कुठलाही कपलर चालतो" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि डोकं परत तापलं. घरच्या बिअरसाठी कुठला केग (दाबाखाली बिअर ठेवायचा स्टीलचा पिंप) घ्यावा असं तुम्ही विचारलंय: दोन जुने सोड्याचे केग, एक उंच एक बुटका, वर एक मोठा बिअरचा केग कुणीतरी गळ्यात मारतोय, आणि त्याच्यासोबतचा कपलर (केगच्या तोंडावर बसवून गॅस आणि बिअरच्या नळ्या जोडायचा भाग) छान बसतो पण हँडल खाली दाबलं की बाजूने गॅस सुटतो, आणि विकणारा म्हणतो "सगळे सेमच असतात, वॉशर बदला". वॉशर बदलून काही होणार नाही असं मला वाटतंय. फोटोत केगचं तोंड नीट दिसत नाहीये म्हणून शपथेवर सांगत नाही, पण लक्षणं सगळी ओळखीची आहेत.

सॅनिटायझर, रेग्युलेटर, फर्मेंटेशन वगैरे तुम्हाला येत असणारच, त्यात जात नाही. आणि घरी बिअर बनवायला तुमच्याकडे परवानगी आहे का ते तुमचं तुम्ही बघा. मी इंजिनिअर नाही, दबावाखालच्या भांड्यांचा तज्ज्ञ तर अजिबात नाही, वापरून वापरून जे कळलं तेवढंच लिहितोय.

आधी त्या मोठ्या केगचं. तो सँकी प्रकारचा आहे, म्हणजे वर एकच तोंड, त्यातूनच गॅस आत जातो आणि बिअर बाहेर येते. कपलर फिरवून लॉक करायचा, हँडल दाबलं की मधला प्रोब (दांडा) खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडतो. आता गंमत अशी की सँकीमध्ये डी आणि एस असे दोन प्रकार आहेत, डी अमेरिकेत सगळीकडे, एस युरोपात, आणि वरून बघितलं तर दोन्ही जवळजवळ जुळे. एसचा प्रोब लांब असतो, बस एवढाच डोळ्याला दिसणारा फरक, तोही दोन्ही शेजारी धरले तरच. चुकीचा कपलर बऱ्याचदा फिरतो, लॉकही होतो, म्हणून माणूस फसतो. पण व्हॉल्व्ह जितका दबायला हवा तितका दबत नाही किंवा सील जिथे टेकायला हवं तिथे टेकत नाही, मग बाजूने फुस्स. एस, डी सोडून इतर प्रकारांपैकी ए, जी, एम हे कपलर बाजूने सरकवून बसवायचे असतात, आणि यू म्हणजे गिनेसच्या केगला लागतो तो. ते निदान चुकीच्या केगवर बसतच नाहीत, तेवढा तरी प्रामाणिकपणा.

माझ्या बाबतीत झालं ते असं की मी डी मागवला होता, खोक्यावर डी लिहिलेलं होतं, आत निघाला एस. हे मला तेव्हा कळायला मार्ग नव्हता कारण कपलरवर कुठेही काही कोरलेलं नव्हतं. गॅस सुटतोय म्हणून विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं (नाव घेत नाही, घेऊन काही फायदाही नाही). त्यांनी आधी फोटो मागितला. दिला. मग व्हिडिओ मागितला. दिला, त्यात आवाज स्पष्ट येत होता. मग म्हणे तुमच्या केगचा व्हॉल्व्ह खराब आहे, केग जिथून घेतला त्यांच्याशी बोला. केगवाला म्हणाला माझे केग चांगले आहेत, कपलरवाल्याशी बोला. परत ग्राहक सेवा, तर नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा, त्याने परत फोटो मागितला. मी सरळ प्रश्न विचारला होता, की तुम्ही पाठवलेल्या कपलरच्या प्रोबची लांबी किती आहे ती मोजून सांगा, एका मिनिटाचं काम. त्याचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. आलं काय, तर "आमचा कपलर सर्व सँकी केगना चालतो" आणि त्यानंतर तक्रार बंद, शेरा: निराकरण झाले. कुणाचं झालं देव जाणे.

या सगळ्या पत्रव्यवहारात एका रात्री कार्बन डायऑक्साइडचा भरलेला सिलिंडर रिकामा झाला, आणि केगमधली बिअर मऊ पडली (म्हणजे तिच्यातला गॅस गेला) ती वेगळीच. पण राग त्याचा नाही. राग याचा की तो सिलिंडर एका बंद खोलीत होता. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, आणि त्याला वास नसतो. ग्राहक सेवेतल्या एकाही माणसाने "गॅस आधी बंद करा, खिडकी उघडा" एवढं एक वाक्य लिहिलं नाही. म्हणून तुम्हाला आत्ता सांगतो, हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा, गळती सापडेपर्यंत सिलिंडरचा मेन व्हॉल्व्ह रात्री बंद. सापडल्यावरही बंदच ठेवलात तर मी काही म्हणणार नाही, बरेच जण तेच करतात.

शेवटी उलगडा झाला तो दुसऱ्याच एका माणसाकडे, त्याने दोन कपलर काढून टेबलावर शेजारी ठेवले, संपलं. परत करायला गेलो तर "वापरलेली वस्तू, आरोग्याच्या कारणास्तव परत घेता येत नाही". जाऊ दे.

तर तुमच्यासाठी: विकणाऱ्याला प्रोबची लांबी विचारा आणि केगच्या तोंडाचा सरळ वरून फोटो मागा. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊच नका. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर तो मोठा केग सोडूनच द्या. अमेरिकन हाफ बॅरल, म्हणजे तिकडचा पूर्ण आकाराचा केग, साधारण 58.7 लिटर, युरोपियन 50 लिटर, भरल्यावर एकट्याने हलवायचा म्हणजे कंबर गेली. शिवाय धुवायला आतला स्पिअर (व्हॉल्व्हसकट तळापर्यंत जाणारी नळी) काढावा लागतो, आणि इथे कृपया मस्करी करू नका, केगमध्ये दाब शिल्लक असताना तो सोडवला तर गोळीसारखा वर येतो. लोकांचे जीव गेलेत यात. आधी दाब पूर्ण सोडायचा, तोंडावर चेहरा न आणता, आणि खात्री नसेल तर हातच लावायचा नाही. आणखी एक, बिअर कंपन्यांचे बरेच केग त्यांच्याच मालकीचे असतात, डिपॉझिट भरलं म्हणजे विकत घेतला असं होत नाही. तुमचा विकणारा कागद दाखवतोय का ते बघा.

आता सोड्याचे केग. हे दोन्ही कॉर्नेलियस प्रकारचे, साधारण 19 लिटरचे, पूर्वी पेप्सीवाले बॉल लॉक वापरायचे आणि कोकवाले पिन लॉक (नळी जोडायच्या या दोन पद्धती), मग सोड्याचा धंदा बॅग-इन-बॉक्सकडे (खोक्यातल्या पिशवीकडे) गेला आणि हे सगळे जुने केग घरगुती बिअरवाल्यांच्या नशिबात आले. तुमचा उंच सडपातळ तो बॉल लॉक असणार, बुटका जाडा तो पिन लॉक. पिन लॉकच्या गॅसच्या पोस्टला (पोस्ट म्हणजे केगवरचं नळी जोडायचं तोंड) दोन पिना आणि लिक्विडच्या पोस्टला तीन, मोजून बघा, त्यामुळे उलटा लावायची सोयच नाही, हे मला फार आवडतं. बॉल लॉकमध्ये मात्र पोस्ट दिसायला सारखे, गॅसच्या पोस्टला खाली खाचा असतात तेवढीच खूण. काळा डिसकनेक्ट (नळीच्या टोकाचा, पोस्टवर बसणारा जोड) लिक्विडचा, करडा किंवा पांढरा गॅसचा. काळा जर गॅसच्या पोस्टवर दाबून बसवलात तर तो निघता निघत नाही, मग पक्कड, शिव्या, आणि तुटलेलं प्लॅस्टिक.

घ्यायचं काय? दोन्ही मिसळू नका. एकच प्रकार ठरवा आणि तोच वाढवत जा, नाहीतर प्रत्येक नळीला दोन दोन डिसकनेक्ट, ड्रॉवरभर सुटे भाग, आणि बिअर प्यायच्या वेळी नेमका हवा तो सापडत नाही. मी बॉल लॉकच्या बाजूचा आहे कारण नवीन केग बहुतेक त्यातच येतात आणि झाकणाला ओढून दाब सोडायची कडी असते, जुन्या पिन लॉकच्या बऱ्याच झाकणांना ती नसते. पण तुम्हाला पिन लॉक तीन-चार एकदम स्वस्तात मिळत असतील तर तेही वाईट नाहीत, काही जण शपथ घेतात त्यांची. फक्त पोस्ट बदलून पिनचा बॉल करू म्हणाल तर आधी आटे तपासा, सगळ्या केगचे आटे सारखे नसतात आणि जबरदस्तीने फिरवलेला पोस्ट म्हणजे केगची वाट.

डिसकनेक्ट घेताना नळी थेट खोचायचा बार्ब घेऊ नका, आट्याचा घ्या, एमएफएल म्हणतात तो. धुवायला सुटा होतो. त्या आट्याच्या जोडातला (फ्लेअरचा) छोटा प्लॅस्टिक वॉशर विसरू नका.

जुना केग घेतलात की पाचही ओ-रिंग बदला, झाकणाची एक, पोस्टच्या दोन, डिप ट्यूबच्या (पोस्टखालून केगच्या आत जाणाऱ्या नळ्यांच्या) दोन. जुन्या रबरात सोड्याचा वास मुरलेला असतो, रूट बिअरचा (नाव बिअर, पण हा सोडाच) तर सात जन्म जात नाही. नवीन रिंगला खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोट फिरवून लावा, झाकण लावा, एकदा 30 पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) दाब द्या म्हणजे झाकण नीट बसतं, मग सगळीकडे सॅनिटायझरचा फेस फवारा. बुडबुडा दिसला तिथे गळती. ब्लीचने मात्र धुऊ नका, क्लोरीन स्टेनलेसला खातो, छोटे छोटे खड्डे पडतात.

फेस खूप येतो असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याचा कपलरशी संबंध असेलच असं नाही, नळी आखूड असेल. 3-4 अंशावर 11-12 पीएसआय म्हणजे साधारण अडीच व्हॉल्यूम कार्बोनेशन (बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट विरघळलेला गॅस), त्याला 3/16 इंच आतल्या व्यासाची नळी तीन मीटर तरी पाहिजे. लोक अर्धा मीटर लावतात आणि मग दाब कमी कमी करत बसतात, बिअर अजून मऊ.

आणि फ्रिजमध्ये मावेल का, तर बॉल लॉक साधारण 64 सेंटीमीटर उंच, वर डिसकनेक्ट आणि नळीच्या वळणाला अजून सात-आठ धरा. तुमची आतली उंची 68 लिहिलीये, म्हणजे उंच केग बसणार पण दार बंद करताना नळी मुडपणार. बुटका सहज बसेल, तो साधारण 57 चा असतो. एवढ्या एका कारणासाठी तुमच्या बाबतीत मी माझंच मत बाजूला ठेवून पिन लॉक घ्या म्हणेन, किंवा मग मधला कप्पा काढून परत मोजा.