टेनिस स्कॉलरशिपवर मुलीला अमेरिकेत पाठवायचंय : पैशाआधी रोस्टर विचारा

तुम्ही विचारलंय की मुलगी पुण्यात अकरावीत आहे, टेनिस चांगलं खेळते, बारावीनंतर तिला अमेरिकेत पाठवायचं आहे. तिथली कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देतात, तर स्कॉलरशिपवर वर काही हातात पडेल का?

हातात पडण्याचा विषय आधी डोक्यातून काढा. जून २०२५ मध्ये, कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्याविरुद्ध खेळाडूंनी लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजुरी दिली आणि १ जुलैपासून डिव्हिजन वनमधल्या (कॉलेज खेळांची सर्वात वरची पातळी) कॉलेजांना स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना पैसे देण्याची मुभा मिळाली. २०२५-२६ साठी एका कॉलेजची कमाल मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. मोठ्या कॉलेजांत सर्रास दिसणारी वाटणी अशी: ७५ टक्के (अमेरिकन) फुटबॉल, १५ टक्के पुरुषांचं बास्केटबॉल, ५ टक्के महिलांचं बास्केटबॉल आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी सगळे खेळ. म्हणजे दहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले दहा-पंधरा संघ. मध्यम आणि लहान कॉलेजं तर या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. (खटल्याला ज्याचं नाव आहे तो ग्रँट हाउस जलतरणपटू. म्हणजे पदरी फारसं काही न पडणाऱ्या खेळातलाच.)

तुमच्यासाठी खरा बदल रोस्टरचा, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीचा आहे. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये महिला टेनिसला आठ स्कॉलरशिप असत आणि ज्या मुलीला मिळे तिला ती पूर्ण मिळे. आपली टेनिसपटू ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली तेव्हा हीच पद्धत होती, आणि पुण्यात अजून तोच हिशेब सांगितला जातो. आता तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांत संघाची मर्यादा दहा. दहाही जणींना स्कॉलरशिप देता येते, पण द्यायलाच हवी असं नाही, आणि एकीची रक्कम दोघींत फोडताही येते. त्यामुळे ‘स्कॉलरशिप मिळाली’ या वाक्याला अर्थ नाही. शिकवणी फी, राहणं, जेवण, पुस्तकं यांपैकी काय-काय आणि किती टक्के, हे विचारा. तडजोडीबाहेर राहिलेल्या कॉलेजांत जुनी मर्यादा कायम आहे. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ जुनी विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत.

दहाच जागा म्हटल्यावर कोच सतरा वर्षांची मुलगी घडवत बसण्यापेक्षा ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार खेळाडू उचलतो. बहुतेक मुली इथेच अडकतात. कॉलेजच्या वेबसाइटवर गेल्या दोन-तीन वर्षांचे रोस्टर बघा: पहिल्या वर्षाला घेतलेल्या किती मुली तिसऱ्या वर्षीही संघात आहेत? आणि तुमच्या मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी किती जणी पदवी घेऊन बाहेर पडणार? तीन बाहेर पडत असतील आणि कोच पाच जणींशी बोलत असेल, तर उरलेलं तुम्हीच समजा.

आता संघच बंद पडण्याची भीती. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा टायटल नाईन कायदा मुलींच्या बाजूने आहे, पण तो जपतो ते मुलींच्या एकूण संधींचं प्रमाण. टेनिससारखा एखादा विशिष्ट खेळ तो जपत नाही. १०५ जणांचा फुटबॉल संघ ठेवणाऱ्या कॉलेजला दुसऱ्या पारड्यात मुली लागतातच, म्हणून कात्री बहुधा आधी मुलांच्या संघांवर चालते. तरी २०२५ मध्ये टेक्सासमधल्या यूटेप विद्यापीठाने महिला टेनिस बंद केलं आणि कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने जलतरणाचे मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ. स्टीफन एफ. ऑस्टिन विद्यापीठाने मुलींचे तीन संघ काढले, तेव्हा खेळाडू कोर्टात गेल्या आणि ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी ते तात्पुरते चालू ठेवायला लावले. कोर्टात जाऊन संघ वाचतो, पण तोवर मोसम हातचा जातो. थेट पैशांच्या वाटणीला टायटल नाईन लागू आहे असं सरकारने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आणि सरकार बदलल्यावर फेब्रुवारीत ते मागे घेतलं. त्या बाजूने मदतीची आशा धरू नका.

व्हिसाचं वेगळं दुखणं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसवरचं ठरावीक तासांचं काम सोडलं तर कमाईला जवळजवळ बंदी आहे. अमेरिकेत उभं राहून एखाद्या दुकानाची जाहिरात करणं हे काम धरलं जाऊ शकतं आणि त्यात विद्यार्थी दर्जा जाऊ शकतो. कॉलेज थेट देतं तो पैसा हा पगार की खेळाडूचं नाव-चेहरा वापरण्याचा मोबदला, यावर वकिलांत एकमत नाही, म्हणून बरीच कॉलेजं परदेशी खेळाडूंच्या बाबतीत हात आखडता घेतात. संघातली अमेरिकन मुलगी अशा करारावर सही करते म्हणून आपणही करू, असं मुळीच नको. कोचला नाही, कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

कराचं कोणी सांगत नाही. स्कॉलरशिपमधली फी आणि सक्तीची पुस्तकं करमुक्त, पण राहण्या-जेवणाचा भाग करपात्र. त्यावर कॉलेज १४ टक्के कापतं. तो भाग १५,००० डॉलर असेल तर २,१०० डॉलर मुलीच्या खात्यावर बिल म्हणून येतात, आणि ‘फुल राइड’ (पूर्ण स्कॉलरशिप) असून हे कसलं बिल, म्हणून घरी फोन जातो. पुढच्या वर्षी १०४०-एनआर हा अमेरिकेतला कर-विवरणाचा फॉर्म भरताना भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, त्यामुळे यातलं बरंचसं परत येतं. पण आधी भरायला हातात हवेत.

कागदपत्रं आत्ताच सुरू करा. खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरला नववी ते बारावीच्या गुणपत्रिका लागतात: १६ मुख्य विषय, ४ पैकी किमान २.३ सरासरी. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, कॉलेजची स्वतःची असू शकते. बारावीनंतर खेळासाठी वर्ष गाळू नका, पात्रतेचं वर्ष जाऊ शकतं. स्पर्धांतल्या बक्षिसाची प्रत्येक रक्कम आणि त्या स्पर्धेचा खर्च लिहून ठेवा.

नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूला कॉलेजशी बांधणारं जुनं पत्र, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता बांधील कागद एकच, कॉलेजचा आर्थिक मदतीचा करार. तो एका वर्षाचा की चार, दुखापत झाली किंवा कोच बदलला तर काय, आणि संघ बंद झाला तर पदवीपर्यंत मदत चालू राहील का, हे सगळं त्यातच लेखी हवं. कोचचा गोड ईमेल यात धरू नका. आणि संघ बंद होऊन दुसरीकडे जायची वेळ आलीच, तर नव्या कोचच्या होकाराबरोबर सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) नोंदही नव्या कॉलेजकडे वळवावी लागते. ते होण्याआधी जुन्या कॉलेजातून नाव काढू देऊ नका.