टॅबलेटवर माझ्या ॲपमधलं स्वाइप कधी चालतं, कधी नाही. दोष कुठे शोधू?

तुमचं ॲन्ड्रॉइड ॲप फोनवर नीट पानं उलटतं आणि टॅबलेटवरच स्वाइप वाया जातं, म्हणजे संशय कोडवरच आहे. तरी आधी स्क्रीनची शंका मिटवून टाका. सेटिंग्जमधल्या 'बिल्ड नंबर'वर 7 वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, 'पॉइंटर लोकेशन' चालू करा. बोटामागे रेघ उमटेल. ती मध्येच तुटली किंवा बोट न लावता उमटली, तर स्क्रीन गार्ड आणि चार्जर काढून पुन्हा पाहा. खराब चार्जरमुळेही टच बिघडतो.

रेघ अखंड असेल तर मी सर्वांत आधी स्वाइपसाठी ठरवलेलं किमान अंतर बघेन. ते पिक्सेलमध्ये लिहिलंय का? 300 पिक्सेल म्हणजे 480 डीपीआयच्या (एका इंचात 480 पिक्सेल असलेल्या) फोनवर जेमतेम 1.6 सेंटिमीटर, पण 160 डीपीआयच्या टॅबलेटवर जवळपास 4.8. एवढं लांब बोट कुणी सहज ओढत नाही. अंतर आणि वेग, दोन्ही डीपीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या घनतेनुसार जुळवून घेणाऱ्या एककात, घ्या.

दुसरं कारण खास टॅबलेटचं, आणि ते हमखास नजरेतून सुटतं. टॅबलेट धरलेल्या हाताचा अंगठा स्क्रीनच्या कडेला टेकतो. तो स्वाइप ओळखणाऱ्या व्ह्यूवरच (स्क्रीनवरच्या त्या घटकावर) आधी टेकला, तर बोटाची आडवी जागा सांगणारं 'गेटएक्स' त्या स्थिर अंगठ्याचीच जागा सांगत राहतं. पॉइंटर लोकेशनच्या पट्टीत 'पी'पुढे 1 ऐवजी 2 दिसले की हेच समजा. प्रत्येक बोटाचा पॉइंटर आयडी (त्या स्पर्शाला मिळालेला क्रमांक) धरून हालचाल मोजा.

पान उभ्या स्क्रोलच्या आत असेल तर आणखी एक अडचण येते. मोठ्या स्क्रीनवर बोट सरळ न जाता कमानीत जातं. सुरुवातीलाच ते उभ्या दिशेने टच स्लॉपच्या (जिथपर्यंतची हालचाल ओढणं धरली जात नाही त्या अंतराच्या), म्हणजे साधारण 8 डीपीच्या, पुढे गेलं की स्क्रोल व्ह्यू स्पर्श हिसकावतो आणि तुमच्या व्ह्यूला कॅन्सल इव्हेंट, म्हणजे स्पर्श काढून घेतल्याची सूचना, मिळतो. बोट टेकताच, स्क्रोल व्ह्यूला स्पर्श हिसकावू न देणाऱ्या 'रिक्वेस्ट डिसअलाउ इंटरसेप्ट टच इव्हेंट'ला ट्रू द्या. हालचाल उभी ठरली तर फॉल्स देऊन स्क्रोलला वाट द्या. कॅन्सल आल्यावर साठवलेली सुरुवातीची जागा पुसायला विसरू नका, नाहीतर पुढचं स्वाइपही चुकीचं मोजलं जाईल.

फक्त कडेपासूनचं स्वाइप बिघडत असेल तर ते ॲन्ड्रॉइड 10 पासूनच्या बॅक जेश्चरकडे (कडेपासून बोट ओढून मागे जाण्याच्या सोयीकडे) जातंय. बॅक जेश्चरला वगळणारा चौकोन, म्हणजे एक्सक्लूजन रेक्ट, देता येतो, पण प्रत्येक कडेला उंचीत 200 डीपीपुरताच. पूर्ण पानाच्या स्वाइपसाठी तो पुरणार नाही. तिथे स्वाइप कडेपासून थोडं आतून सुरू होईल अशी रचना करा.